बिनफुलाची कारवी

कारवी किती वर्षांनी फुलते, हा प्रश्न अकोले तालुक्यात चारचौघांत टाकून बघावा. निम्मे म्हणतात सात, निम्मे म्हणतात आठ, आणि एखादा तरी असा निघतोच, की ज्याच्या आजोबांनी ती बारा वर्षांनी फुलताना पाहिलेली असते. सात आणि आठ यांच्यातलं भांडण खोटं आहे. रुजल्यापासून सात वर्षं कारवी नुसती वाढते आणि आठव्या वर्षी फुलते. ज्याने सरलेली वर्षं मोजली तो सात म्हणतो, ज्याने लागलेलं वर्ष धरलं तो आठ. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली, तेव्हा आठाचा हिशोब पक्का. बारावाल्या आजोबांनाही अगदी खोटं पाडायला नको. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी ही तिकडे केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांवरची, कारवीची चुलत बहीण. ती २००६ साली फुलली, २०१८ साली फुलली, आता २०३० साली फुलायची आहे. तिची बातमी टीव्हीवर येऊन गेली, की आमच्याकडच्या कारवीचं वय आपोआप चार वर्षांनी वाढतं.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आठ वर्षांत एकदा फूल, तेही ऑगस्टच्या अखेरीपासून फार तर ऑक्टोबरपर्यंत. उरलेला सगळा काळ ही बाई बिनफुलाची. आणि आपली झाडं ओळखायची सगळी विद्या तर फुलावर टांगलेली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर फूल, आत फूल, फोटोत फूल. फूल नसलं की ज्ञानी माणसं घसा खाकरतात, चष्मा पुसतात आणि ‘फुलोऱ्यात पुन्हा एकदा बघायला हवं’ असं म्हणून मोकळी होतात. इतर झाडांच्या बाबतीत ही पळवाट खपून जाते, कारण फुलोरा पुढच्या श्रावणात येणारच असतो. कारवीच्या बाबतीत ‘पुन्हा एकदा बघू’ म्हणणाऱ्याने आधी स्वतःचं वय सांगावं. कारवीच्या मापाने मोजलं, तर ऐंशी वर्षं जगलेल्या माणसालाही दहाच फुलोरे मिळतात. त्यातले पहिले दोन शाळेत जातात आणि शेवटच्या दोनांना गुडघे गडावर चढू देत नाहीत.

नगर जिल्ह्यात कारवी असते, हे ऐकूनच काही लोकांना नवल वाटतं. नगर म्हटलं की ऊस, साखर कारखाने, दुष्काळ आणि राजकारण, एवढाच ऐवज बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर येतो. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, एसटीच्या पाट्याही बदलल्या. कंडक्टर मात्र अजून ‘चला नगर, नगर’ असंच ओरडतो आणि गाडी बरोबर ठिकाणी पोचते.) पण ह्या जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक, म्हणजे अकोले तालुक्यातला कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाचा पट्टा, हा बाकीच्या जिल्ह्याला ओळख न देणारा नातेवाईक आहे. नगर शहराजवळची ज्वारी पावसाच्या एका सरीसाठी आभाळाकडे डोळे लावून असते, आणि घाटघरला लोक पाऊस कधी थांबतो म्हणून आभाळाकडे बघत असतात. घाटघरला ‘जिल्ह्याचं चेरापुंजी’ म्हणतात ते उगाच नाही. एस. जी. प्रधान आणि एन. पी. सिंग यांनी १९९९ साली ह्या जिल्ह्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ काढला. ‘नगरच्या झाडांवर एवढं मोठं पुस्तक?’ असं म्हणून ते हातात घेणाऱ्याने आधी हा पश्चिमेचा कोपरा बघून यावा.

तर ह्या कोपऱ्यातल्या उतारांवर आणि एकूणच सह्याद्रीच्या माथ्यावर कारवी एकटी नसते. तिच्या कुळातल्या, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बहिणी आजूबाजूला असतात. कूळ अडुळशाचं, कोरांटी आणि अबोलीही त्यातल्याच. पण कोरांटीला कुणी कारवी म्हणत नाही. घोटाळा होतो तो सख्ख्यांमध्ये.

एक, खरी कारवी. माणसाच्या डोक्यावर जाणारी, उतारच्या उतार व्यापून टाकणारी. खोडावर बारीक पुटकुळ्या असतात; शास्त्रीय नावातला ‘कॅलोसा’ म्हणजे घट्टे पडलेली, तो त्यावरूनच. पानं मोठी, देठाची, कडेला दातरे, आणि हात फिरवला तर खरखरीत.

दुसरी, वायटी. ही अंगाने लहान, रानातल्या सावलीत रमणारी. हिची फुलं पांढरी आणि येतात थंडीत, कारवीचा निळा-जांभळा सोहळा आटोपून गेल्यावर. फुलांचे गोल गेंद असतात, त्यांना उग्र वास असतो आणि ते बोटांना चिकटतात. हिचं शास्त्रीय नाव ‘इक्सिओसेफाला’, म्हणजे चिकट डोक्याची. ते ठेवणाऱ्याने गेंद हातात धरून पाहिला असणार, आणि मग हात कशाला पुसले असतील कोण जाणे.

तिसरी टोपली कारवी. उघड्या पठारावर, जिथे वारा कुणाला मान वर काढू देत नाही, तिथे ही गुडघ्याएवढी, गोल, पालथ्या टोपलीसारखी बसलेली. कासच्या पठारावर ती फुलते तेव्हा वर्तमानपत्रं निळी होतात. हिच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच. इतकं सोपं वाटतंय ना? आता पुस्तकं उघडा. एकात ती ‘सेसिलिस’ आहे, दुसऱ्यात तिच्यासारखीच दिसणारी ‘रेटिक्युलाटा’. ज्यांनी आयुष्य ह्या झाडांत घालवलं, त्यांची मतंही पठारागणिक सरकतात. अशा वेळी मला फार बरं वाटतं. आपल्याला कळत नाही ह्यापेक्षा त्यांनाही पटकन कळत नाही, ह्यात एक माणुसकीचा ओलावा आहे.

हे सगळं ज्या पुस्तकांमध्ये शोधायचं, त्यांना ‘फ्लोरा’ म्हणतात. फ्लोराची भाषा ही जगातली सर्वांत कोरडी आणि सर्वांत चौकस भाषा असावी. ती प्रश्न विचारत जाते आणि प्रत्येक उत्तरागणिक तुम्हाला एका बाजूला ढकलते. पानाला देठ आहे की नाही? आहे तर किती? केस आहेत? वरच्या अंगाला की खालच्या? शिरांवरच की मधल्या जागेतही? सरळ, वाकडे, की टोकाला गोळी असलेले? लग्नाच्या बाजारात उपवर मुलीचीही कुणी एवढी चौकशी केली नसेल. बरं, उत्तर द्यायला डोळे पुरत नाहीत. सोनार वापरतो तसलं दहापट दाखवणारं भिंग डोळ्याला लावून, चिखलात गुडघे टेकून, नाक पानाला भिडवून माणूस बसतो. वाटेने जाणारा गुराखी काळजीने विचारतो, ‘काय हरपलं का?’

अशी ओणवी झालेली माणसं जगभर आहेत. अमेरिकेत ह्युकेरा नावाची रानझाडं खडकांच्या फटींतून वाढतात. त्यांचं मूळ चवीला तुरट, म्हणून तिकडचे लोक त्याला तुरटीचं मूळ म्हणतात. त्यांच्याही चाळीसएक जाती, सगळ्यांची पानं साधारण सारखीच गोलसर, फुलं बारीक, आणि निवाडा शेवटी पानाच्या देठावरच्या केसांवर येतो. त्यातून ह्या जाती शेजारी असल्या, की आपसांत सोयरीक करतात आणि दोन्ही घरांची लक्षणं घेतलेली लेकरं पुढ्यात उभी करतात. एवढ्या मोठ्या, श्रीमंत देशातही माणसं केसच मोजत बसली आहेत, हे समजल्यापासून माझं भिंग मला कमी ओशाळं करतं.

मुंबई इलाख्याचा जुना फ्लोरा लिहिणारा थिओडोर कुक हा मुळात इंजिनिअर. १८६० साली रेल्वेच्या नोकरीत भारतात आला, वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाचं काम केलं, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य झाला. आणि निवृत्तीनंतर १९०१ ते १९०८ ह्या काळात त्याने इलाख्यातल्या वनस्पतींची लक्षणं एका मापात बसवून छापली. आपल्या काळात ज्यांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ या पुस्तकाने कितीतरी भटक्यांना फुलांकडे वळवलं, ते श्रीकांत इंगळहळीकरही इंजिनिअरच. ह्यात काहीतरी असलं पाहिजे. पुलाचा प्रत्येक बोल्ट मोजायची सवय लागलेल्या माणसाला पानावरचे केस मोजायला लाज वाटत नसावी. कवींच्या हाती हे काम दिलं असतं तर सह्याद्रीत एकच झाड असतं आणि त्याचं नाव ‘रानफूल’.

दोघांच्या मधे एक पाद्री येतो. फादर सांतापाव, स्पेनमधून आलेले जेझुइट, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे. १९५१ साली त्यांनी मुंबई भागातल्या अडुळशाच्या कुळावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, आणि कारवीच्या एकगठ्ठा फुलण्याच्या नोंदी करत राहिले. ह्या देशात येऊन कारवीचे फुलोरे मोजत बसायचं म्हणजे आधी मुक्काम लांबवायची तयारी हवी. त्यांची ती होती.

पण माझा आवडता माणूस ब्रेमेकँप. हा डच. त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, १८३२ साली, नेस नावाच्या जर्मन पंडिताने कारवीच्या वंशातल्या भारतातल्या कितीतरी जातींना नावं दिली होती, तीही भारतात पाऊल न टाकता, बोटीने आलेल्या वाळक्या फांद्या बघून. वाळक्या फांदीवर कारवीचा निळा रंग काही टिकत नाही. म्हणजे त्या बिचाऱ्याने निळा डोंगर तपकिरी कागदावर पाहिला. तरी त्याचं काम टिकलं. मग १९४४ साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, ब्रेमेकँपने कारवीच्या ह्या अवाढव्य वंशावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने पानं बघितली, बिया बघितल्या, आणि परागकण सूक्ष्मदर्शकाखाली घातले. परागकणांचे एवढे नाना तऱ्हेचे आकार बघून त्याला एकत्र कुटुंबाचं हे ढोंग पटेना. त्याने सरळ वाटण्या केल्या. एका चुलीच्या पन्नासहून अधिक चुली झाल्या. प्रत्येकीला वेगळा सातबारा. वायटी एका उताऱ्यावर गेली, टोपली दुसऱ्या. कारवीच्या उताऱ्यावर त्याने जे नाव चढवलं ते होतं ‘कार्व्हिया’. सह्याद्रीतल्या माणसांच्या तोंडातला शब्द लॅटिनचा अंगरखा घालून युरोपातल्या कागदावर उभा राहिला.

दुर्दैवाने वाटण्या टिकल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या अभ्यासकांनी पुन्हा मोजमापं घेतली आणि सगळ्या चुली परत एका छपराखाली आणल्या. कारवी पुन्हा ‘स्ट्रोबिलँथस’ झाली. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण माझा कल अजून ब्रेमेकँपकडे आहे, आणि तो फक्त नावाच्या मोहाने नाही. एकत्र ठेवणाऱ्याला एक साम्य पुरतं. वेगळं काढणाऱ्याला मात्र प्रत्येकीच्या अंगावरचा तीळ बघावा लागतो. बॉम्ब पडत असताना जो माणूस सह्याद्रीतल्या आणि जावामधल्या झुडपांचे परागकण शेजारी शेजारी ठेवून बघत होता, त्याचा निष्कर्ष चुकला असेल, बघणं चुकलं नव्हतं.

हे झालं कागदावरचं. डोंगरावरची ओळख वेगळ्या अंगाने होते, म्हणजे खरोखर अंगाने. हरिश्चंद्रगडाच्या किंवा रतनगडाच्या कुठल्याही आडवाटेने चढणाऱ्याला विचारा. तो कारवी बघत नाही, तो कारवी धरतो. घसाऱ्याच्या वाटेवर पाय सुटला की हात आपोआप बाजूच्या खोडाकडे जातो, आणि त्या वेळी ते खोड कोणत्या जातीचं आहे ह्याला एकदम महत्त्व येतं. कारवीचं खोड खरबरीत असल्यामुळे मुठीतून निसटत नाही, आणि जिवंत असलं तर वाकतं पण उपटत नाही. ट्रेकवाल्यांच्या कितीतरी पिढ्या अशा एका झुडपाच्या भरवशावर घरी परत गेल्या आहेत. त्याचं नाव त्यांतल्या अर्ध्यांना ठाऊक नव्हतं.

पाचनईच्या बाजूने चढताना आमच्या बरोबरच्या मामांना मी माझ्या भिंगासकट विचारलं,

“मामा, ही कारवी का वायटी?”

“हात लावा की.”

“लावला.”

“मंग? खरखर लागली का?”

“लागली.”

“मंग कारवी. आन् आता वाकवून बघा. जिती हाय का मेली?”

हा प्रश्न कुठल्याही फ्लोरात नाही. आणि चढणाऱ्याच्या दृष्टीने तो एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. कारवी एकदाच फुलते आणि मरते. फुलोऱ्यानंतर सगळा उतार हळूहळू वाळत जातो. पण मेलेली खोडं लगेच पडत नाहीत, उभीच्या उभी राहतात, आणि दुरून पाहणाऱ्याला ती पूर्वीइतकीच भरवशाची वाटतात. अशा वर्षी जुन्या सवयीने एखाद्याने हात टाकला, की कट्कन आवाज येतो. खोड हातात असतं आणि माणूस खाली. म्हणून मामांच्या शास्त्रात जातीच्या आधी जीव बघायचा असतो. मला हे वर्गीकरण फार मोलाचं वाटलं, विशेषतः त्या वेळी मी जिथे उभा होतो तिथे.

तसंच भिंतीचं. ह्या भागातल्या महादेव कोळी आणि ठाकरांच्या घरांना पूर्वी कुडाच्या भिंती असत. कारवीच्या सरळ काठ्या एकमेकींशेजारी बांधायच्या आणि वरून शेणामातीचा गिलावा. वायटी ह्या कामाला घेत नाहीत. मामांना कारण विचारलं तर ते माझ्याकडे दया येऊन बघायला लागले. “लांबी कुठंय तिला? भित का गुडघ्याएवढी घालायची?” झालं. केस, देठ, परागकण सगळं बाजूला राहिलं आणि जात ठरली. आता घरकुलं विटा-सिमेंटची होतात, अभयारण्यात तोडीवर बंधनं आहेत, आणि कुडाची भिंत बघायची तर एखाद्या रिसॉर्टात जावं लागतं. तिथे ती आतून प्लायवूडने आणि बाहेरून वातानुकूलन यंत्राने सांभाळलेली असते.

ह्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा लोकांना कौतुक वाटलं ते त्यांनी साठवलेल्या देशी बियाण्यांचं. मला त्याहून नवल वाटतं ते निवडण्याचं. वालाचे दोन दाणे, दोन्ही पांढरे, तुम्हा-आम्हाला अगदी सारखे. आणि ते दोन वेगळे वाण असतात, एक ह्या मातीत येणारा, एक त्या. ही नजर भिंगातून येत नाही. ती पेरून, निंदून, शिजवून, पुन्हा पेरून येते. कारवीच्या बिनफुलाच्या वर्षांमध्ये तिला ओळखणारे सगळे ह्याच शाळेतले.

फुलोऱ्याच्या वर्षाची तारीफ मी करणार नाही असं नाही. निळा उतार मीही बघितलाय. मधमाश्यांचा घुमारा वाटेवरच्या माणसाला बोलू देत नाही, आणि त्या वर्षीचा कारवीचा मध दाट, काळपट असतो. पण तेव्हा ओळखण्यात काय कसब? गाडीतून न उतरताही माणूस सांगतो. तेव्हा भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, लोक कारवीत शिरून स्वतःचे फोटो काढतात आणि संध्याकाळी ‘किती मस्त लॅव्हेंडर होतं’ म्हणत परत जातात. मला त्याहून आवडतं ते पुढचं वर्ष. बोंडं वाळून कडक झालेली असतात. पहिला वळवाचा किंवा पावसाळ्याचा शिडकावा झाला, की ती तडातड फुटायला लागतात. एक इथे, दोन तिथे, मग उतारभर. सगळ्या बिया एकदम टाकल्या की किडामुंगीला किती खाल्ल्या तरी संपत नाहीत आणि रुजायला पुष्कळ उरतात, असा त्यामागचा हिशोब सांगतात. त्यातही एखादं चुकार झुडूप असतंच, जे सगळ्यांच्या आधी एक वर्ष किंवा नंतर एक वर्ष एकटंच फुलून उभं असतं. अशा झुडपाजवळ उभं राहून आम्ही फार वेळ वाद घातला आहे, की हे वेगळ्या जातीचं असेल का. मामांनी हात लावला, वाकवलं आणि म्हणाले, “कारवीच हाय. घाई झाली तिला.”

मोबाइलवर झाड ओळखून देणारं एक ॲप आहे. रेंज होती तिथपर्यंत मी तेही वापरून बघितलं. बिनफुलाच्या पानाचा फोटो घेतल्यावर त्याने थोडा विचार केला आणि चार नावं पुढे केली. त्यांतलं एक खाली नीलगिरीच्या डोंगरात वाढणाऱ्या झाडाचं होतं. मामांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनवरच्या पानावर बोट घासून पाहिलं. “गुळगुळीत लागतंय,” म्हणाले.

खाली पाचनईत चहा घेताना मी त्यांना म्हटलं, ह्या बाजूची फुलली की मला फोन करा, मी कसाही येतो. त्यांनी बटणाचा मोबाइल काढला, नंबर एकेक आकडा मोठ्याने म्हणत घातला आणि नाव विचारलं. मी सांगितलं.

“ह्या नावाचे चार जण हायेत आधीच,” ते म्हणाले. “वळखू कसं?”

मी जरा विचारात पडलो. मग त्यांनीच काहीतरी टाइप केलं आणि फोन खिशात ठेवला. काय लिहिलंत, म्हणून विचारलं.

“भिंगवाले. आन् पाव्हणं, अजून चार वरसं हायेत. तवर नंबर बदलू नका.”